कॉम-थ्रीवर आलेली गाडी

आधीच सांगतो... पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्येची रात्र असलं काही हवं असेल तर पुढच्या माणसाचा अनुभव वाचायला घ्या. माझ्या गोष्टीत भर दुपार आहे. डोक्यावर पंखा आहे. आणि भुताच्या जागी एक कम्प्युटर आहे, मळकट पिवळा, वयाने माझ्याहून मोठा. ह्यात अमानवीय काय, असं विचाराल. मीसुद्धा तेच विचारलं असतं. आमच्या गावात प्रत्येक वळणावर कोणाला ना कोणाला काहीतरी दिसलेलं आहे, आणि त्या प्रत्येकाची नक्कल करून मी शाळेत टाळ्या मिळवल्यात. देवचार, म्हणजे आमच्याकडचा राखणदार, दिसलेल्या माणसाची माझी अ‍ॅक्टिंग तर एवढी भारी होती की हेडमास्तरांनी आधी पोट धरून हसून मग मला बडवलं.

तर विश्वास वगैरे कधीच नव्हता. आत्ताही आहे असं नाही म्हणणार. फक्त त्या दुपारी खाली खड्ड्यात एक जिवंत माणूस होता, आणि तो मरता मरता वाचला. कसा वाचला ते मला माहीत नाही, आणि लोकांना वाटतं की मला माहीत आहे. म्हणून लिहितोय.

मी डिचोलीत एका कम्प्युटर रिपेअरच्या दुकानात कामाला आहे. मालक उल्हासबाब. जुनं मशीन आलं की ते मला पाठवतात, कारण बाकीच्या पोरांना मोबाईलची काच बदलण्यापलीकडे काही येत नाही. त्या दिवशी सुर्ल्याला जायचं होतं, खाणीच्या काट्यावर. काटा म्हणजे वजनकाटा. रस्त्याच्या बाजूला लोखंडी पत्र्याचा मोठा फलाट, त्यावर खनिज भरलेला टिपर चढतो, आणि बाजूच्या केबिनमध्ये वजन दिसतं. खाणी बंद होत्या तेव्हा तो काटाही गंजत पडला होता. आता पुन्हा ट्रक सुरू व्हायचे होते.

निघताना उल्हासबाब म्हणाले, "काम करून ये. नकला करून येऊ नको."

"छे छे," मी त्यांच्याच आवाजात म्हणालो. त्यांनी टेस्टर फेकून मारला.

काट्यावर दिगूदादा होता. दिगंबर, दोडामार्गकडचा, तिथला फिटर. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, कारण माझे बाबा टिपर चालवायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी केबिनमध्ये त्यांच्या बाजूला बसून ह्याच काट्यावर दहादा चढलोय. दिगूदादा फलाटाच्या खाली उतरायच्या तयारीत होता. फलाटाखाली माणूस वाकून बसेल एवढा खड्डा असतो. चार कोपऱ्यांवर वजन मोजणारे लोखंडी ठोकळे असतात, लोडसेल म्हणतात त्यांना. त्यातला एक काढून साफ करायचा होता. म्हणून त्या कोपऱ्याला त्याने जॅक लावला होता, आणि जॅकखाली लाकडाचा जाड ओंडका.

"मी खाली आसय तोवर गाडी वर येता नये," तो म्हणाला. "साखळी घातलंय रस्त्याक. तू केबिनमधसून लक्ष ठेव. गाडी वर इली तर जॅक सटाकतलो आणि माझी चपाती होतली."

"पातळ की जाड?"

"मेल्या, तुका सगळ्याची मस्करी." आणि उतरला तो खाली.

आता कम्प्युटरचा रोग सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाबरू नका, सोपं आहे.

वजन दाखवणारा डबा, म्हणजे इंडिकेटर, एका केबलने कम्प्युटरला जोडलेला असतो. केबल मागच्या सिरियल पोर्टात जाते. ह्या मशीनला मुळात दोन पोर्ट, कॉम-वन आणि कॉम-टू. कॉम-टू कधीतरी वीज पडून जळालं, तेव्हा कोणीतरी आत एक कार्ड बसवून कॉम-थ्री करून दिलं आणि इंडिकेटर त्यावर लावला. वर्षानुवर्षं छान चाललं. आता खाण सुरू होणार म्हणून आलेल्या नव्या क्लार्कने कॉम-वनला माउस लावला... आणि झाला घोटाळा. माउस हलवला की वजन गोठतं. वजन आलं की माउस मरतो.

कारण काय? कॉम-वन आणि कॉम-थ्री दोघांची आयआरक्यू एकच. आयआरक्यू म्हणजे... आमच्याकडे सकाळी पोदेर येतो सायकलवर पाव घेऊन, रबरी हॉर्न वाजवत. पों पों. आणि मासळीवालाही येतो स्कूटरवर, तोही पों पों. हॉर्न ऐकून आई पावाची पिशवी घेऊन धावत बाहेर जाते, आणि समोर बांगडे! तोवर पोदेर पुढच्या वाड्यावर. बस, एवढंच आहे. पोर्ट हॉर्न वाजवतं आणि आतला प्रोसेसर हातातलं काम टाकून बाहेर धावतो. दोघांचा हॉर्न एकच असेल तर बाहेर कोण उभं आहे ते त्याला कळत नाही. जोवर एकच जण हॉर्न वाजवत होता तोवर ठीक. भिकूमामना माउस लागतच नसे, सगळं कीबोर्डवर.

भिकूमाम म्हणजे ह्या काट्याचा जुना माणूस. केबिनमध्ये तेच बसायचे, ह्याच खुर्चीत. समोर माइक, बाहेर खांबावर भोंगा. गाडी फलाटावर घ्यायची असली की भोंग्यातून त्यांचा आवाज यायचा, "येऊं दी... येऊं दी... येऊं दी..." आणि चाकं बरोबर जागेवर आली की, "पुरो!" पुरो म्हणजे बस, पुरे. पुरो म्हणेपर्यंत ड्रायव्हर गाडी पुढे घेतच राहणार, हा काट्याचा नियम. माझे बाबा म्हणायचे, ब्रेकवर पाय माझा, पण दाबतो भिकूमाम. खाणी बंद असतानाच ते आजारी पडून गेले. त्यांचं घर काट्यासमोरच, रस्त्यापलीकडे. मामी आता एकट्याच असतात.

मी मशीन बंद केलं, झाकण काढलं, कार्डावरचा जंपर शोधला. जंपर म्हणजे तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी. ती चारवरून काढून पाचवर घातली. म्हणजे कॉम-थ्रीला आता स्वतःचा वेगळा हॉर्न.

बघायचं कसं चालतं की नाही? इंडिकेटर तर मेलेला होता, कारण दिगूदादाने खालून वायर सोडवली होती. लाल आकडे विझलेले. म्हणून मी त्याची केबल पोर्टातून उपटून मेजावर ठेवली, एक यू-पिन सरळ केली आणि पोर्टाच्या दोन पिना एकमेकींना जोडल्या. ह्याला लूपबॅक म्हणतात. पोर्ट जे बाहेर बोलतो तेच त्याच्या कानात परत येतं. तुम्ही टाइप करा 'अमुक', स्क्रीनवर परत 'अमुक'. आलं तर पोर्ट जिवंत.

काय टाइप करायचं? खुर्ची ज्यांची, नाव त्यांचं. मी टाइप केलं, भिकूमाम.

परत आलं, भिकूमाम.

मी माउस गरगर फिरवला. पुन्हा टाइप केलं. पुन्हा आलं. एकदम मक्खन! उल्हासबाबांना फोन करावा असं वाटलं, पण जेवणाची वेळ होती, त्यांनी उचलला नसता. आणि समोर माइक होता... आता सांगा, माझ्यासारख्या माणसासमोर चालू माइक ठेवायचा असतो का? साखळी घातलेली होती, रस्त्यावर एकही गाडी नव्हती, सगळे जेवायला गेलेले. खाली दिगूदादा हातोडी ठोकत होता. म्हटलं, जरा त्याची उडवू.

मी बटण दाबलं, घसा खाकरला आणि भिकूमामच्या आवाजात म्हणालो, "येऊं दी... येऊं दी..."

भोंगा अजून झकास होता. आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला. खालून हातोडी थांबली. मग दिगूदादाची शिवी आली. मी एकटाच हसत बसलो.

आणि स्क्रीनवर आकडे आले.

मला आधी वाटलं, मीच काही दाबलं. हात कीबोर्डवर नव्हते. आकडे इंडिकेटर पाठवतो तसेच येत होते, एकाखाली एक, शेवटी किलोचा के. आधी शून्य, मग थोडं, मग भराभर वर... आणि थांबले. काट्यावर बसलेल्या कोणालाही विचारा, हे थांबणं काय असतं ते. टिपरची पुढची चाकं फलाटावर चढली की वजन थांबतं. मागची अजून रस्त्यावर असतात.

मी इंडिकेटरकडे बघितलं. विझलेला. केबल मेजावर, माझ्या डब्याच्या बाजूला.

कचरा आहे, मी स्वतःला म्हणालो. बफरमध्ये साठून राहिलेला जुना कचरा. लूपबॅक लावलाय, काहीतरी गरगरतंय आत. मी हात मागे घालून यू-पिन उपटली. आता पोर्टाच्या तोंडाला काहीच नव्हतं. हवा.

आकडे पुन्हा हलले. दुसरी उडी मारली त्यांनी. मागची चाकं.

तेवढ्यात खालून लोखंड करकरलं. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो, गाडीखाली पत्रा दबतो तेव्हाचा. आणि दिगूदादा ओरडला, "कोणी रे गाडी घातल्यानी वर? आरे जॅक बसता हा! थांबव!"

मी जनेलाकडे धावलो आणि बाहेर बघितलं. फलाट मोकळा होता. कडक ऊन, पत्र्यावर लाल धूळ, साखळी जागच्या जागी. एक कुत्रं फलाटाच्या कडेला झोपलं होतं ते उठून, शेपूट पोटात घेऊन मागे मागे सरत होतं. आणि फलाटाचा जॅककडचा कोपरा माझ्या डोळ्यांसमोर खाली जात होता. हळू. दाबल्यासारखा.

"दादा, गाडी नाही वर! काहीच नाही!"

"काय नाय काय, मेल्या! चाकां वाजतत माझ्या डोक्यार! थांबव तेका!"

"बाहेर ये!"

"खयसून येव? पाय अडाकलो!"

मी परत वळलो. स्क्रीनवर आकडे चढतच होते. एका टिपरच्या वजनाच्या वर गेले, तरी चढत होते. मला एकदम कळलं, म्हणजे डोक्याला नाही, पोटाला कळलं... ती गाडी पुढे येतच राहणार. पुरो म्हटलंच नाही ना कोणी. हॉर्न मी वाजवला होता, आणि बाहेर कोण आलं होतं मला माहीत नव्हतं.

मी माइकचं बटण दाबलं आणि तोंड उघडलं. आवाज नाही. खरंच सांगतो. अख्ख्या तालुक्यातल्या माणसांचे आवाज काढणारा मी, माझ्या तोंडातून नुसती हवा. एक दोन अक्षरांचा शब्द, पुरो, आणि तो येईना. भिकूमामच्या आवाजात नाही, माझ्याही नाही. खाली काहीतरी कडकन मोडलं. दिगूदादा आता शिव्या देत नव्हता. आईला हाक मारत होता.

मग मला वाटलं, हे सगळं ह्या डब्यातून चाललंय, डबाच मारून टाकू. मी भिंतीवरच्या बोर्डाकडे उडी मारली आणि मेन स्विच खाली ओढला. स्क्रीन एका ठिपक्यात गेली. पंखा बंद. माइकच्या मशीनचा लाल दिवा गेला. केबिनमध्ये असं शांत झालं की माझा श्वास मला दुसऱ्या कोणाचा वाटला. बाहेर पत्रा अजून करकरत होता.

आणि भोंग्यातून कोणीतरी खोकलं.

खोल, ओली खोक, छातीतून आलेली. मग जरा थांबून, दमलेल्या माणसासारखं, पण अगदी शांतपणे...

"पुरो."

करकर थांबली. जागच्या जागी. मग पत्र्याने एक लांब उसासा टाकावा तसा आवाज झाला आणि तो कोपरा वर उचलला गेला, ओझं उतरल्यावर उचलला जातो तसा.

मी बाहेर पळालो. खड्ड्याच्या तोंडाशी वाकलो, दिगूदादाचा हात धरून ओढला. त्याची पँट फाटली, पायाचं सालटं निघालं, पण आला बाहेर. धुळीने लाल झालेला. रस्त्यावर आडवा पडून राहिला जरा वेळ. मग उठून त्याने फलाटाकडे बघितलं, रस्त्याच्या वरच्या बाजूला बघितलं, खालच्या बाजूला बघितलं.

"गाडी खय गेली?"

"नव्हती गाडी, दादा."

"खुळो समाजतंस माका? ब्रेकची फुस्स ऐकलंय मी, माझ्या टकलेच्या वर. भिकूमामचो आवाज काढून तूच बोलवलंस तिका." मग त्याने माझा खांदा धरला. "पण पुरो बराबर वेळार म्हटलंस, बाबा. नायतर मी गेललंय."

"मी नाही म्हटलं पुरो."

तो हसला. "तुका सगळ्याची मस्करी," असं म्हणाला आणि पाय धुवायला नळावर गेला.

हेच झालं पुढे प्रत्येकाबरोबर. जेवून परत आलेल्या लोकांनी साखळी बघितली, तशीच होती. धुळीत टायरचा मागमूस नाही. पण जॅकखालचा ओंडका उभा चिरला होता, वरून टनावारी ओझं आल्यासारखा. कोणी म्हणालं, वाळवी. असेल. उल्हासबाब म्हणाले, पोर्टात वारा भरला की काहीही आकडे येतात, आणि जॅक मुळातच वाकडा लावला असेल. तेही असेल. मी विचारलं, मग मेन बंद असताना भोंगा कसा बोलला? तर ते म्हणाले, "भोंगा नाही बोलला, तू बोललास. घाबरून ओरडलास आणि तुला आठवत नाही." तालुक्यातला नंबर एक नकल्या सांगतोय की हा आवाज मी काढला नाही... कोण विश्वास ठेवणार? मीही नसता ठेवला. जंपर अजून पाचवर आहे. मशीन सुरळीत चालतंय, माउस आणि वजन दोन्ही. मी त्या पोर्टाचं सगळं वाचून काढलं, माझ्याहून हुशार लोकांना विचारलं. कुठेच काही सापडलं नाही. उत्तर माझ्याकडे नाही, बस.

पण ओरडा मात्र मी त्याच दुपारी खाल्ला. दिगूदादा पाय धूत होता तेव्हा रस्त्यापलीकडून हाक आली, "ए नकल्या! ये हांगा!" मामी दारात उभ्या होत्या. हाताला भाताची शितं लागलेली. मामींचं बोलणं मी जरा मराठीत उतरवून लिहितो, नाहीतर पुण्याचे वाचक माझ्यावर खवळतील.

"लाज आहे तुला? मेलेल्या माणसाचा आवाज भर दुपारी भोंग्यावर लावतोस? पहिला तुझा होता, तो मला कळला. येऊं दी म्हणे! नाकातून काढतोस, सर्दी झालेल्या बोक्यासारखा. माझा घोव जन्मात कधी नाकातून बोलला नाही. हसले मी घरात बसून. पण मागीर ते पुरो काढलंस... त्याच्या आधी खोकलास. ती खोक खंय ऐकलीस तू?"

"मामी, तो मी—"

"गप! ती खोक काट्यावरची नव्हे. काटा बंद झाला, माणूस खाटेवर पडला, तेव्हाची ती. माझ्याशिवाय कोणी ऐकलेली नाही. जनेलाला कान लावून बसत होतास काय, मेल्या? आणि वेळ तरी बघायचीस! दुपारचं ह्या वेळचं पुरो म्हणजे जेवणाआधीची शेवटची गाडी. ते ऐकलं की मी त्याचं ताट घ्यायची, इतकी वर्षं. हात आपसूक गेले माझे. भात वाढला, माशाचं हुमण वाढलं, वर तळलेला बांगडा ठेवला, तेव्हा आठवण झाली की जेवायला आहे कोण! आता काय करू त्या ताटाचं? कावळ्याला घालू? रडतोस कशाला? रडायचं मी की तू? चल आत. हात धुव. बस त्या पाटावर. आणि जेवताना तोंडातून आवाज काढलास तर बघ... कोणाचाच!"